गोळोबाचे सर

ज्या माणसाने आयुष्यात कधी देवाला हात जोडले नाहीत, त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत शेंदराने माखलेले दिसले, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? ढोंगी? भित्रा? की उतारवयात पाय घसरला म्हणून सोडून द्याल?

घाईने उत्तर देऊ नका. मी दिले होते. छापून वाटलेही होते. त्या पत्रकातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. तरीही सरांना ते उत्तर लावून बघतो तेव्हा ते कुठेतरी आखूड पडते, आणि कुठे ते मला अजून कळलेले नाही.

सर सांगलीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत आणि माधवनगरला गिरणीच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहत. माझे वडील मागावर काम करत. आमच्या घरात देव नव्हते. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी देवाचे टाक फडक्यात बांधून कृष्णेत सोडले आणि त्या जागी भिंतीवर प्रतिज्ञा लावल्या. माझे वाचन पक्के झाले ते त्या भिंतीवर. पुढे पत्रके वाचत मोठा झालो. संपाची, सभेची, बुवाबाजीविरुद्धची, हातात पडेल ते. त्यामुळे प्राध्यापक माणूस कामगारांच्या चाळीत येऊन राहतो म्हणजे तो आपल्यातलाच, असे मी धरून चाललो होतो. एकदा तसे विचारलेही.

"छे हो," सर म्हणाले. "इथं माग सुरू झाले की जमीन थरथरते. मला त्याशिवाय करमत नाही."

खिडकीत त्यांनी बशीत वाळू ठेवली होती. माग चालले की वाळूवर बारीक लाटा उठत आणि सर त्याकडे बघत दाढी करत. संपाच्या दिवसांत वाळू सपाट पडून राहिली तेव्हा ते फार बेचैन झाले. मला वाटले, कामगारांच्या काळजीने. असेलही. त्यांनी संपाच्या फंडाला मदत केली, पण ती देताना "लवकर मिटवा बुवा, वाळू मेलीय" असे म्हणाले. आता यातून काय समजायचे?

माझी आई त्यांना रोज चहा पाठवी. सर तो घेत, झाकून ठेवत, आणि पार गार झाल्यावर पीत. आईला हे सहन होत नसे.

"आवं सर, च्या निवला की वं! पानी प्याल्यागत काय पिताय?"

"निवू द्या वहिनी. गरम वस्तू विसरते."

"काय इसरती?"

"सगळंच. कुठून आली, काय सोसलं, ते सगळं."

आई माझ्याकडे बघे. मी खांदे उडवी. चाळीत सर्वांचे मत होते की सर शहाणे आहेत, पण थोडे सैल.

मला ते 'पत्रके' म्हणत, जणू माझे आडनावच. "काय पत्रके, आज कुणाला पेटवायचं?" माझा संताप त्यांना मुळीच पसंत नव्हता. नुसत्या उष्णतेने काही घडत नाही, घडते ते दाबाने, असे त्यांचे म्हणणे. हे एकदा त्यांनी मला लग्नाच्या घरून आलेल्या पानावर समजावले. पानात थोडी मोकळी बुंदी होती आणि एक लाडू होता.

"हे आणि ते एकच की नाही? बेसन तेच, साखर तीच. पण हे मोकळं आणि ते दाबून घट्ट. वजन करा, एवढ्याच जागेत लाडवात जास्त बुंदी मावलेली असेल. आता लाडू चुलीजवळ ठेवा. पाक सुटतो, पुन्हा बुंदीची बुंदी. आपण लाडू होतो हे तिला आठवत पण नाही."

मग ते दगडांवर आले. आपल्या काळ्या कातळात बारीक हिरवे खडे असतात. आकाशातून पडणाऱ्या दगडांतही तसलेच असतात. तिकडे पोकळीत कधीकाळी दोन दगड एकमेकांवर आदळले की क्षणभर एवढा दाब पडतो, जेवढा एरवी पृथ्वीच्या पोटात तीनचारशे मैल खाली असतो. त्या क्षणात दगडाला काळ्या शिरा पडतात, आणि शिरांमधल्या हिरव्या खड्याचे कण दाटीवाटीने एकमेकांजवळ सरकतात. द्रव्य तेच राहते, पण खडा घट्ट होतो आणि निळा-जांभळा पडतो; नंतर आच लागली तर मात्र पुन्हा हिरव्याचा हिरवा. परदेशात यंत्राखाली दाबून असा खडा बनवलेला होता. निसर्गात मात्र तोवर तो कुणालाही सापडलेला नव्हता. सरांना तो हवा होता. एवढीच त्यांची जगाकडे मागणी होती, असे मला वाटते.

"सर," मी म्हणालो, "आमची माणसंपण हजारो वर्षं दाबाखाली होती. तीपण अशीच घट्ट झाली असतील?"

सरांनी पानातला लाडू उचलला. मग म्हणाले, "माणसांचं मला विचारू नका. मी दगडातला माणूस." आणि लाडू माझ्या हातावर ठेवून बुंदी स्वतः खाल्ली.

पासष्टच्या युद्धाच्या दिवसांत शिराळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत तो दगड पडला. पडला तो पलटणीतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराच्या शेतात. ती हकीकत हवालदार येणाऱ्याजाणाऱ्याला उभे राहून, छाती काढून सांगत.

"बांधावर भाकरी खात हुतो. आभाळ सोच्छ. आन एकदम तोफ सुटल्यागत आवाज! बर्मात ऐकल्याला हाय मी, इसरायचा न्हाई. झटक्यात पालथा पडलो. धाडदिशी फुडं बांधावर आदळून भुईत घुसला. म्हनलं, आला गोळा, दुश्मनाचं इमान आलं. गावाला हुकूम दिला, कुनी फुडं यायचं न्हाई. पोझिशन घिऊन बसलो. तर फुटंना! दुसऱ्या दिशीबी फुटंना. मग बायका म्हनाल्या, आवं, गोळा आसून फुटत न्हाई म्हंजी त्यो द्येवच हाय."

न फुटलेला गोळा, म्हणून गोळोबा. मोठ्या नारळाएवढा, वरून काळा. लोकांनी भोवती पार बांधला, तिळाच्या तेलात शेंदूर कालवून थापला, आणि नवस सुरू झाले. सरांच्या कानावर हे आले तेव्हा ते वर्ग अर्धा टाकून एसटीत बसले. मी बरोबर गेलो. माझा हेतू वेगळा होता. ताज्या ताज्या अंधश्रद्धेवर लिहायला मिळणार होते. जुन्या देवांचा जन्म बघायला मिळत नाही, हा डोळ्यांदेखत जन्मला होता.

दगड बांधावर आपटला तेव्हा त्याचा एक कोपरा उडाला होता. सरांनी तिथला शेंदूर बोटाने हळूच पुसला आणि भिंग लावले. आत करडा रंग, आणि त्यातून गेलेली केसासारखी काळी शीर. सरांनी भिंग पुसून पुन्हा लावले. मग म्हणाले, "पत्रके, शिरेत एक ठिपका आहे. जांभळट वाटतोय. की माझी नजर? बघा बरं."

मी बघितले. मला ठिपका दिसला. तो काळा होता, निळा होता, की शेंदराच्या तांबड्याशेजारी मला तसा भासला, मी सांगू शकलो नाही. आजही सांगू शकत नाही.

उडालेली कपची तरी मिळावी म्हणून सर शेतात गुडघ्यांवर बसले आणि माती चाळत पाराभोवती फिरू लागले. अख्खे शेत त्यांनी असे रांगत पालथे घातले. कपची मिळाली नाही. पण बांधावर गर्दी जमली, आणि गर्दीतली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बग, सांगलीचा मास्तर. लोटांगन घालतोय. कसला नवस आसंल गं?"

"मूलबाळ नसंल."

तेव्हापासून सर वाडीत 'नवसाचे सर' झाले. मी तिथल्या तिथे खुलासा करायला निघालो, तर सरांनी गुडघे झाडत मला थांबवले. "राहू द्या. शोधत होतो हे तर खरंच आहे."

खरी गोंधळाची गोष्ट पुढे झाली. त्या पट्ट्यात पाऊस फार. दगडात लोखंडाचे बारीक कण होते. तिळाच्या तेलाखाली पाणी शिरून ते गंजणार, फुगणार, आणि दगड आतून चिरत जाणार, हे सरांनी ओळखले. त्यांनी वर, सरकारी खात्याला कळवले होते. वरून कुणी आले नाही. दगड छपराखाली न्या म्हणून त्यांनी हवालदारांची विनवणी केली.

"द्येव हालवायचा न्हाई सर. ऑर्डर न्हाई."

"मग वर पत्रा तरी घाला."

"उघड्यावर आल्याला द्येव हाय. झाकला तर कोपंल."

पुढच्या खेपेला सर पिशवीतून जवसाचे कढवलेले तेल घेऊन आले, रंगारी वापरतात ते. रेल्वेच्या लोखंडी पुलाला वरचा रंग देण्याआधी जो तांबडा हात मारतात, तो गंज धरू नये म्हणून. आणि ते तांबडे म्हणजे दुसरे काही नसून शेंदूरच. सरांनी तुटक्या कोपऱ्यावर आधी मेण लावले, मग बाह्या सारून जवसाच्या तेलात शेंदूर कालवला आणि देवाला आपल्या हातांनी लावायला घेतला.

म्हणजे बघा. देव न मानणारा माणूस देवाला शेंदूर लावतो आहे, आणि त्याचे कारण शंभर टक्के शास्त्रीय आहे. आणि बघणाऱ्याला यातला फरक दिसतच नाही! मी हे त्यांना तोंडावर बोललो. ते म्हणाले, "वाटी धरा. घट्ट होतंय."

वाटी धरायची म्हणजे पारावर चढायचे. वाडीतल्या आमच्या समाजाच्या लोकांना पलीकडच्या बाभळीपाशी उभे राहावे लागे. आभाळातून काल पडलेल्या दगडाला शिवाशिव कुणी शिकवली, हाच माझ्या पत्रकाचा पहिला प्रश्न होता.

हवालदारांनी मला न्याहाळले. "सर, ह्यो कोन?"

"माझा शेजारी. कालवायला मला हाच पाहिजे."

"न्हवं, तसं न्हवं… पर कोन म्हंजी?"

"हवालदार, बर्मात तुम्ही कुणाच्या थाळीत जेवलात ते सांगू का इथं सगळ्यांना?"

"पल्टनीतलं पल्टनीत ऱ्हातं सर," हवालदार म्हणाले. मग एकदम पाठ फिरवून डोंगराकडे बघू लागले. "मी बगितल्यालं न्हाई. काय करायचं ते लवकर करा."

मी चढलो. वाटी धरली. ज्या आजोबांनी देव नदीत सोडले त्यांच्या नातवाने शेंदराची वाटी धरली, आणि त्याच क्षणी बाभळीची ती रेषाही मोडली. मी तत्त्वाने वागलो की तत्त्व सोडले? पुढच्या खेपेला आमच्या वस्तीतल्या दोघी बाया बाभळीच्या अलीकडे येऊन उभ्या होत्या. हातात फुले होती. त्यांना अडवणाऱ्याशी मी भांडलो असतो. त्यांना फुले घालू नका म्हणूनही मी भांडायला हवे होते. मी पिशवी उचलून एसटी गाठली.

सरांनी लावलेला शेंदूर पावसात धुपला नाही, वाळून कातड्यासारखा घट्ट बसला. वाडीच्या दृष्टीने हा साक्षात्कारच होता. सरांना दृष्टांत झाला असे ठरले. बायका तापाने फणफणलेली पोरे त्यांच्यापुढे आणू लागल्या आणि शेंदराचे बोट लावा म्हणू लागल्या. सर मात्र कधी नव्हे ते ओरडले.

"हात लावू नका त्याला! शिसं आहे ते, विष आहे! पोराच्या तोंडात गेलं तर मरेल. शिराळ्याला डॉक्टरकडं न्या आधी!"

बायका घाबरून खरोखरच डॉक्टरकडे गेल्या. पोरे बरी झाली. वाडीत बोलले जाऊ लागले की गोळोबा लय कडक हाय, हात लावू देत न्हाई, पर डाक्तरच्या हाताला गुन देतो. मी डोके धरून बसलो.

आमच्या युवक मंडळात तोवर सरांच्या नावाने शिमगा सुरू झाला होता. नागपंचमीला शिराळ्यात मुलुख लोटतो. त्यातला लोंढा यंदा गोळोबाकडे वळणार हे दिसत होते. मंडळाने ठरवले की त्याच दिवशी, गर्दीपुढे, देवाचा शेंदूर जाळून उतरवायचा आणि आतला दगड उघडा करून दाखवायचा. पत्रक मी लिहिले. आमचा चिटणीस एका रंगाऱ्याकडून जुना रंग जाळायचा भडक्याचा दिवा घेऊन आला.

पावसाची उघडीप होती. चिटणीस पारावर चढला आणि त्याने दिवा पेटवला. निळी जीभ फुत्कारायला लागली. आणि गर्दीतून सर आले, छत्री बगलेत, आणि दगडाला पाठ लावून उभे राहिले.

"सर, बाजूला व्हा," चिटणीस म्हणाला. "विज्ञान शिकवता तुम्ही. लाज वाटत नाही?"

"वाटते. दिवा विझव."

"देवाला वाचवताय?"

"देवाचं तुमचं तुम्ही बघून घ्या. मला काही म्हणायचं नाही. आच नको. आतलं सगळं विसरेल तो."

"आभाळातून पेटत आला तेव्हा नाही विसरला?"

"तेव्हा साल जळाली, क्षणभर. आत गारच होता. तू थांबणार आहेस का तेवढ्यावर?"

गर्दीला एवढेच कळले की आच लागली तर देव आपल्याला विसरेल. कुणीतरी आरोळी ठोकली, "गोळोबाच्या नावानं…" आणि सगळा माळ गरजला, "चांगभलं!"

"चांगभलं नव्हे हो!" सर वैतागून ओरडले. "गप्प बसा!" पण ते ऐकतो कोण? हवालदार काठी घेऊन सरांच्या शेजारी सावधान उभे राहिले. चिटणिसाने माझ्याकडे बघितले. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. मी पाराच्या पायरीवर होतो, ना वर ना खाली. चिटणिसाचा हात एकदा पुढे आला. सर हलले नाहीत. त्यांच्या सदऱ्याची बाही करपल्याचा वास आला. मग चिटणिसाने शिवी हासडून दिवा विझवला. त्या दिवसापासून तो सरांना 'गोळोबाबुवा' म्हणत असे, आणि मला 'बुवांचा चेला'.

पत्रके मी वाटली. शेवटचे पान संपेपर्यंत वाटली. ज्यांनी घेतली त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांत प्रसाद बांधला.

हवालदारांच्या मनात मात्र सरांचा तो उभा राहण्याचा प्रकार घर करून राहिला. दिवाळीनंतर त्यांनी निरोप धाडला. आम्ही गेलो. हवालदार म्हणाले, "सर, तुमी द्येवासाठी आगीत हुबं ऱ्हायला. आता मागा. काय पायजे?"

सरांनी बोटांनी माप दाखवले. "तुकडा. सुपारीएवढा. मेण लावलंय त्या कोपऱ्याचा."

हवालदार चपापले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माजं काय न्हाई. पर द्येव माजा येकट्याचा न्हाई. कौल लावू. त्यो द्येतो म्हनला, तर मी सोता छिन्नी मारून द्येतो."

कौलाआधी देवाला नवा हात द्यायची रीत. तो सरांनीच दिला, नेहमीच्या जवसाच्या तेलात, प्रेमाने, जाडसर. मग हवालदारांनी पांढऱ्या शेवंतीच्या दोन कळ्या दगडाच्या दोन बाजूंना चिकटवल्या आणि हात जोडले.

"गोळोबा, ह्या सरांनी तुज्यापायी शिव्या खाल्ल्या. सुपारीयेवढं मागत्यात. द्येयाचं आसंल तर उजवं सोड. नसंल तर डावं."

सगळी वाडी भोवती जमली. सर मांडी घालून पुढे बसले. त्यांच्या उभ्या जन्माची मागणी एका कळीवर येऊन ठेपली होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

कळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. ऊन चढले, उतरले. पोरे कंटाळून उठली, बायका भाकरीच्या वेळेला गेल्या. मी बघितले, सर आपल्याच बोटांकडे बघत होते. अंगठा आणि तर्जनी त्यांनी एकमेकांना टेकवली, आणि ती सुटेनात.

"पत्रके," ते हळूच म्हणाले, "तेल."

मला उलगडा झाला. तिळाचे तेल ओले राहते, त्यावरून फूल घसरते. जवसाचे तेल वाळते, धरून ठेवते. सरांनी दगड वाचवायला आणलेल्या तेलाने देवाचे तोंड बंद केले होते.

त्यांनी हवालदारांना सरळ सांगितले. चूक माझ्या तेलाची आहे, कळ्या काढा, साध्या तेलावर पुन्हा लावू.

हवालदार म्हणाले, "त्ये तेल तुमच्या हातनं कुनी घालून घ्येतलं? त्येनंच की. पडंस्तवर दुसरा कौल लावायचा न्हाई सर. इचारल्यालं मोडता येत न्हाई." आणि ते शेताला पाणी द्यायला निघून गेले.

पारावर आम्ही दोघेच उरलो.

"सर," मी म्हणालो, "उजव्या कळीला नखानं नुसतं ढकला. एवढंसं. कोण बघतंय?"

"का?"

"का म्हणजे? तो खडा जगात कुणाला मिळालेला नाही!"

"म्हणूनच."

"अहो, हा कौल आहे! प्रयोग नाही! दगडाला काय कळतंय?"

"दगडाला नाही कळत. मला कळतं. मी विचारायला बसलोय, उत्तर माझ्या नखानं द्यायचं नाही." ते थांबले. "आज मी हे ढकललं, तर उद्या सूक्ष्मदर्शकाखाली मला जांभळं दिसेल ते खरं कशावरून?"

मी चिडलो. आमच्या सगळ्या चळवळीत एवढा चोख माणूस मी बघितला नव्हता, आणि तो एका शेंदऱ्या दगडापुढे हात मांडीवर ठेवून बसला होता. मला ओरडावेसे वाटले. कुणावर, ते कळेना.

कळ्या पडल्या नाहीत. त्या वाळल्या, काळ्या पडल्या, शेंदरात रुतून बसल्या. पावसाळा तोंडावर आला तेव्हा हवालदारांनी चार खांब रोवून वर पत्रा घातला. कौलावर पाऊस पडता कामा नये, नाहीतर तो खोटा होईल, म्हणून. सरांनी ज्यासाठी इतकी विनवणी केली होती ते छप्पर आपोआप झाले. दगड कायमचा कोरडा राहिला, आणि कायमचा बंद. सर पत्र्याकडे बघून हसले. त्या हसण्यात काय होते, मला विचारू नका.

ते दशक संपत आले असताना एके दिवशी सर कॉलेजातून लवकर आले आणि चाळीच्या पायरीवर बसले.

"सापडला," ते म्हणाले.

"कोण?"

"खडा. दूर देशात पडलेल्या दगडात, काळ्या शिरेत. जांभळाच आहे. नाव पण ठेवलं त्याला."

आईने चहा आणला. सरांनी कप घेतला आणि वाफा निघत असतानाच तोंडाला लावला. आई म्हणाली, "आवं, पोळंल!" त्यांनी ऐकले नाही.

मला वाटले, आता ते रडतील. पण ते म्हणाले, "म्हणजे निसर्गात असतो. बरोबर होतं." आणि थोड्या वेळाने, "आपल्यात आहे का, ते मात्र अजून कळलेलं नाही."

निवृत्तीनंतर ते साताऱ्याला बहिणीकडे गेले. मी एकदा जाऊन आलो. ते फार थकले होते. मी मनाचा हिय्या करून विचारले, "सर, एकदाच सांगा. तुम्ही त्या दगडाला मानत होता का?"

"मानणं म्हणजे?"

"म्हणजे… देव."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचे विचारले आहे. मग म्हणाले, "उजवी आहे ना अजून?"

"आहे. दोन्ही आहेत."

"बरं," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

देव नाही हे माझे मत पक्के आहे. कौल थोतांड आहे हेही पक्के आहे. त्या थोतांडाला सरांनी जेवढ्या सचोटीने वागवले तेवढ्या सचोटीने मी माझ्या खऱ्या गोष्टींना वागवले आहे का, इथे येऊन माझी लेखणी अडते. म्हणून वाचकहो, एक काम तुमच्यावर सोपवतो. शिराळ्याकडे गेलात तर वाडीपर्यंत जा. पत्र्याखाली बघा. उजवी कळी गळून पडली असेल, तर हवालदारांना नाहीतर त्यांच्या मुलाला दिलेल्या शब्दाची आठवण करून द्या, सुपारीएवढा तुकडा मागून घ्या, आणि जिथे दगडाच्या आतली बांधणी तपासायची यंत्रे आहेत तिथे तो सरांच्या नावाने पोचवा. मी स्वतः जात नाही, कारण मला माझ्या नखाचा भरवसा नाही. आणि कळी अजून तशीच असेल, तर तिला हात लावू नका.